धुऱ्याची दोन एकर घ्यावी की बोअर-ठिबक करावं? आधी जूनमधल्या पैशाचं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ कळेल. औसा तालुक्यात वडिलांच्या नावावर पाच एकर जिरायत. धुऱ्याला (बांधाला) लागून चुलत्यांची दोन एकर विकायला निघाली आहे, भाव एकरी ११ लाख. आजोबांच्या काळातली विहीर चुलत्यांच्या वावरात आहे आणि तिच्यात आपला हिस्सा असल्याचं वडील सांगतात. तुम्ही पुण्यात नोकरीला, हातात पगार ४५ हजार, शिल्लक १४ लाख. कमी पडणाऱ्या रकमेसाठी सहा लाखांचं वैयक्तिक कर्ज आणि चार लाख गावातल्या एकाकडून शेकडा तीननं घ्यायचा बेत आहे. वडील म्हणतात धुऱ्याची जमीन गेली की परत येत नाही, तुम्ही म्हणता त्याच पैशात बोअर आणि ठिबक करू. पाडव्याच्या आत चुलत्यांना शब्द द्यायचा आहे.

शेवटी तुम्ही जाता जाता एक ओळ लिहिली आहे: वडील पीककर्ज काढत नाहीत, कागदपत्रांची कटकट नको म्हणतात, बी-खत दुकानातून दिवाळीच्या बोलीवर आणतात. तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ मला हीच वाटते. माझी नोकरी मराठवाड्यातल्या बँक शाखांत शेतीकर्जाच्या टेबलावर गेली आणि आता घरची शेती बघतो. जमीन कमी म्हणून मोडलेली घरं मी पाहिली आहेत, पण जूनमध्ये हातात पैसा नाही म्हणून दरवर्षी थोडी थोडी खचत गेलेली घरं त्याहून कितीतरी जास्त पाहिली. जमीन की पाणी हा तुमच्या घरातला वाद खरा आहे, पण तो दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न असा, की यातलं काहीही केल्यावर पेरणीच्या तोंडावर घरात रोख किती उरणार?

जमिनीपासून सुरू करतो. कोणी जमीन घ्यायची म्हणून आला की मी आधी ठोका, म्हणजे जमीन वर्षभर कसायला देण्याचं ठरलेलं भाडं, विचारतो. तुम्हीच लिहिलंय की ती दोन एकर आज एकरी १२ हजारांच्या ठोक्यानं दिलेली आहे. म्हणजे वर्षाला २४ हजार. २२ लाखांवर २४ हजार म्हणजे जेमतेम एक टक्का. ठोका म्हणजे काय, तर ती जमीन कसणाऱ्या, बाजार माहीत असलेल्या माणसानं स्वतःच्या मेहनतीचा आणि जोखमीचा मोबदला बाजूला ठेवून जमिनीचं म्हणून लावलेलं मोल. तो गावातलाच असतो, त्याला त्या मातीची नस माहीत असते, म्हणून ठोक्याचा आकडा सहसा खोटं बोलत नाही.

मग जमिनीचा भाव एवढा का? कारण तो पिकातून ठरतच नाही. नागपूर–तुळजापूर महामार्गासारखं काम झालं की ज्यांची जमीन गेली त्यांना मोबदला मिळतो, तो पैसा आसपासच्या गावांत पुन्हा जमीन शोधतो. लातूरचा डॉक्टर, पुण्याचा नोकरदार, आडतीत (शेतमालाच्या दलालीत) कमावलेला व्यापारी, सगळे घेणारे. विकणारे थोडे. त्यात वाटण्या होत होत शेतं लहान झाली. कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात एका खातेदाराकडे १९७०-७१ मध्ये सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती, २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. तुमच्या वडिलांनी ही घसरण डोळ्यांनी पाहिली आहे, त्यांचा जीव जमिनीत अडकतो तो उगाच नाही. भाव वाढेल म्हणून जमीन धरून ठेवणाऱ्यालाही मी मूर्ख म्हणणार नाही. पण ज्याच्या शिलकीतला पैसा वीस वर्षं नाही हलला तरी चालेल, त्याचं ते काम. कर्ज काढून ते जमत नाही, कारण कर्जाचा हप्ता दर महिन्याला येतो आणि जमिनीचा वाढलेला भाव विकल्याशिवाय हातात येत नाही.

स्वतः कसली तर काय होईल तेही बघू. चांगल्या पावसात एकरी आठ क्विंटल सोयाबीन धरलं तर दोन एकरांत १६ क्विंटल. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये, त्या हिशोबानं ८५ हजार. रास घरी आल्या आल्या मोंढ्यात (बाजार समितीच्या आवारात) याहून कमीच मिळतात, पण आपण हमीभावच धरू. नांगरट, पाळ्या, बी, खत, तणनाशक, फवारण्या, काढणी, मळणी सगळं मजुरीनं म्हटलं तर एकरी २५ हजारांच्या आसपास. ५० हजार वजा, उरले ३५ हजार. मागून ओलीवर हरभरा साधला तर अजून वीसेक हजार. म्हणजे सगळं मनासारखं झालं तर वर्षाला पंचावन्न हजार.

आता दुसरी बाजू. २२ लाखांवर मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, मोजणी, वकील धरून सव्वा ते दीड लाख जातील. म्हणजे तुमची पूर्ण शिल्लक संपवून वर जवळपास दहा लाख कर्ज. सहा लाखांचं वैयक्तिक कर्ज १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर महिन्याचा हप्ता १३,३०० च्या पुढे. शेकडा तीन हा दर महिन्याचा असतो, वर्षाचे ३६ टक्के. चार लाखांवर महिन्याला १२ हजार नुसतं व्याज, मुद्दल जागच्या जागी. दोन्ही मिळून महिन्याला २५ हजारांवर, पगार ४५ हजार. वर्षाला तीन लाख बाहेर जाणार आणि जमिनीतून फार तर पंचावन्न हजार येणार, तेही चांगल्या वर्षी. उरलेल्या वीस हजारांत पुण्यात घरभाडं भरून तुम्ही किती महिने काढाल, ते तुम्हीच ठरवा.

शेकडा तीनबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण गावात तो शब्द इतक्या सहज वापरतात की त्याचं काही वाटेनासं होतं. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. परवानाधारक सावकारानं शेतकऱ्याला तारण घेऊन कर्ज दिलं तर शासनानं ठरवलेला दर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के. तुम्हाला सांगितलेला दर याच्या तिप्पट-चौपट आहे. आणि चार लाख कोणी नुसत्या शब्दावर देत नाही. आज ना उद्या तो म्हणेल, "विश्वासासाठी एक एकराची खरेदी माझ्या नावे करून ठेवा, पैसे फिटले की पलटून देतो." पलटवून देण्याची बोली तोंडी असते, खरेदीखत मात्र नोंदणीकृत असतं. माझ्या टेबलावर आलेल्या सर्वांत वाईट प्रकरणांची सुरुवात या एका वाक्यानं झाली होती. बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत मिळवायला या कायद्यात जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायची सोय आहे, जमिनी परत मिळाल्याही आहेत, पण तो रस्ता लांबचा आहे आणि पुरावा गोळा करताना माणूस पार थकतो. म्हणून या एका बाबतीत मी परिस्थितीवर अवलंबून वगैरे म्हणणार नाही: ते चार लाख घेऊ नका. दोन एकर घ्या किंवा घेऊ नका, ते चार लाख नकोत.

आता पीककर्जाच्या त्या ओळीकडे येतो.

दिवाळीच्या बोलीवर माल आणणं म्हणजे काय, हे कृषी सेवा केंद्राची वही समोर ठेवल्याशिवाय कळत नाही. कर्जदारांच्या घरी पाहणीला गेलो की मी मुद्दाम ती चिठ्ठी मागायचो. डीएपीच्या गोणीवर किंमत छापलेली असते १,३५० रुपये. उधारीच्या चिठ्ठीवर तीच गोणी १,५०० ला लिहिलेली. बियाण्याच्या बॅगेवर दोनशे-तीनशे वर. तणनाशक आणि टॉनिक दुकानदार देईल त्या कंपनीचं, कारण उधारीवाल्याला हे नको ते द्या म्हणता येत नाही. गोणीबरोबर जोडून एखादं सूक्ष्म अन्नद्रव्याचं पाकीटही येतं, लागतं की नाही हे न विचारता. चिठ्ठीवर व्याज कुठेच लिहिलेलं नसतं. वडील म्हणतात, "व्याज घेत नाही, चांगला माणूस आहे." माणूस चांगला असेलही, पण पाच महिन्यांसाठी दहा-बारा टक्के चढवलेले असतात, वर्षाला पंचवीस टक्क्यांच्या पुढे.

पाच एकरांचं बी-खत-औषध साठेक हजारांचं धरलं तर सहा-सात हजार इथे गेले. खरं नुकसान पुढे आहे. दुकानदाराची किंवा आडत्याची उचल फेडायची म्हणून सोयाबीन मळणी झाली की त्याच आठवड्यात मोंढ्यात न्यावं लागतं. तेव्हा सगळ्या तालुक्याची आवक एकदम आलेली असते. दाण्यात ओल सोळा-अठरा टक्के, लिलावात व्यापारी मूठ भरून दाणा चावून बघतो आणि भाव पाडतो. हमीभाव केंद्राला साधारण बारा टक्क्यांच्या आतला माल लागतो, आठ-दहा दिवस उन्हात वाळवायला वेळ कुणाकडे आहे? शिवाय उचल ज्या आडतीची, माल त्याच आडतीवर न्यायचा, दुसरीकडे भाव विचारायचीही चोरी. ४० क्विंटल मालाला क्विंटलमागे तीनशे-चारशे रुपये कमी मिळाले तर बारा ते सोळा हजार गेले.

दोन्ही मिळून वर्षाला वीस हजारांच्या आसपास झाले. ज्या दोन एकरांसाठी तुम्ही २२ लाख घालायला निघालात, तिचा ठोका वर्षाला २४ हजार आहे. आणि जूनमध्ये साठ हजार रोख हातात नसल्यामुळे जवळपास तेवढीच रक्कम तुमच्या घरातून दरवर्षी निघून जाते. म्हणजे साठ हजारांचं खेळतं भांडवल तुमच्या घराला २२ लाखांच्या जमिनीइतकंच देऊ शकतं. हा हिशोब वडिलांसमोर कागदावर मांडा. बोलून पटणार नाही, गेल्या दिवाळीची चिठ्ठी आणि आडतीची पट्टी शोधून काढा, आकडे त्यांच्याच कागदातले असू द्या.

हे खेळतं भांडवल तुमच्या शिलकीतूनच आलं पाहिजे असंही नाही. पीककर्ज त्यासाठीच आहे. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला केंद्राच्या सवलतीनंतर सात टक्के दर लागतो, मुदतीत भरलं तर आणखी तीन टक्के सूट, आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत धरून शेतकऱ्याला ते बिनव्याजी पडतं. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण द्यावं लागत नाही. कटकट आहे हे खरं: सातबारा, आठ-अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा), इतर बँकांचे बेबाकी (कर्ज बाकी नसल्याचे) दाखले, शाखेत दोन-तीन चकरा. पण तुम्ही एक दिवस सुट्टी काढून वडिलांबरोबर गेलात तर निम्मी कटकट संपते. एक पथ्य मात्र पाळा. पीककर्ज मुदतीच्या आत भरायचं. मुदत चुकली की सवलत गेली. कर्जमाफी येईल म्हणून मुद्दाम थकवणाऱ्यांची खाती खराब होतात आणि पुढच्या जूनमध्ये ते पुन्हा दुकानदाराच्याच दारात उभे असतात. भरायच्या वेळी पैसे कमी पडले तर तुमच्या शिलकीतून भरा, नवीन कर्ज उचलून परत खात्यात ठेवा. शिलकीचं खरं काम हेच आहे.

विक्रीची घाई टाळायला आणखी एक सोय आहे, पणन मंडळाची शेतमाल तारण योजना. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवायचं, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा महिन्यांसाठी सहा टक्क्यांनी मिळतं. सव्वा लाख उचलले तर सहा महिन्यांचं व्याज पावणेचार हजार. तुमच्या समितीत ही योजना चालू आहे का ते विचारून घ्या. पण माल ठेवला म्हणजे भाव वाढतोच असं नाही. २०२१ मध्ये सोयाबीन दहा हजारांपर्यंत गेलं, त्या आशेवर पुढच्या हंगामात कितीतरी जणांनी घरात थप्प्या लावल्या आणि भाव खाली खाली येत गेला. माझी पद्धत अशी की निम्मा माल वाळवून दिवाळीनंतर विकायचा, निम्मा जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत. पुढे थांबायचं नाही.

पाण्याबद्दल तुमचं म्हणणं अर्धं पटतं. ठिबक चांगलंच, पण ठिबक पाणी तयार करत नाही, असलेलं पुरवतं. आणि बोअर हा मराठवाड्यात जुगार आहे. आपल्याकडे खाली काळा बसाल्ट खडक. पाणी मुरतं ते वरच्या मुरमात आणि खडकातल्या भेगांत. भेग लागली तर तीन इंची पाणी, दहा फूट बाजूला धूळ. खोल गेलं म्हणजे जास्त पाणी हा समज चुकीचा आहे, पाचशे-सहाशे फुटांवर लागलेलं पाणी दोन उन्हाळ्यांत आटलेलं मी अनेक वावरांत पाहिलंय. भूजल कायद्याप्रमाणे ६० मीटरपेक्षा खोल जायला बंधन आहे, ते कोणी पाळत नाही ही गोष्ट वेगळी. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्या वर्षी टंचाई झाली ती बोअर नव्हते म्हणून नव्हे, बोअर हजारोंनी होते. घरात चार लाख खेळते असतील तेव्हा एका बोअरचे लाख-दीड लाख पणाला लावायला हरकत नाही. घरातले शेवटचे पैसे लावायला आहे.

जिरायत सोयाबीन-तुरीला बारमाही पाणी लागतही नाही. ऑगस्टमध्ये फुलं-शेंगा धरताना वीस-पंचवीस दिवसांचा खंड पडतो, तेव्हाचं एक पाणी आणि हरभऱ्याला एखादं, एवढ्यानं उत्पन्नात मोठा फरक पडतो. ३० बाय ३० मीटरचं, तीन मीटर खोल शेततळं उताराच्या कडा धरून साधारण १९-२० लाख लिटर पाणी धरतं. एका एकराला ५० मिलिमीटरचं पाणी द्यायचं तर दोन लाख लिटर लागतात. म्हणजे बाष्पीभवन आणि गळती वजा केली तरी चार एकरांना अशी एक-दोन पाळ्या निघतात. तळ्यात जमीन जाते आणि मुरमाड जागा असेल तर अस्तर लागतं, तरी शेततळ्याला आणि ठिबक-तुषारला अनुदान आहे. सूक्ष्म सिंचनाला राज्याची पूरक मदत धरून अल्प-अत्यल्पभूधारकाला ८० टक्के, इतरांना ७५ टक्के. आठ-अ वर वडिलांचं नेमकं क्षेत्र बघा. अल्पभूधारकाची हद्द दोन हेक्टर, आणि पाच एकर म्हणजे जवळपास तेवढंच. वडिलांच्या नावे आणखी जमीन चढली तर ते या गटातून बाहेर जातील. अनुदान आधी स्वतः खर्च करून मग मिळतं आणि वेळ लागतो, त्यासाठीही हातात रोख लागते. फिरून पुन्हा तीच गोष्ट.

इथपर्यंत वाचून वाटेल की मी जमीन घेऊच नका म्हणतोय. तसं नाही, आणि इथे परिस्थितीचा भाग येतो. त्या विहिरीमुळे तुमचं प्रकरण साधं राहत नाही.

विहिरीतला हिस्सा वडील सांगतात तसा खरोखर आहे का, तो कुठे लिहिलाय, हे आधी शोधा. सातबाऱ्याच्या इतर हक्काच्या रकान्यात "विहिरीत अमुक हिस्सा" अशी नोंद असते. नसेल तर आजोबांच्या वाटणीचा फेरफार काढा, तहसीलच्या अभिलेख कक्षात जुना मिळतो. नोंद असेल तर चुलत्यांनी जमीन कुणालाही विकली तरी तुमचा हिस्सा कायम राहतो, घाबरून सगळं विकत घ्यायची गरज नाही. नोंद नसेल तर बाहेरचा माणूस आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात पाइप काढायला लावेल, आणि मग तुमच्या पाच एकरांची किंमतही उतरेल. तुमच्या वावरात जायची वाट त्या दोन एकरांतून असेल तर तेच लागू. बांधावरच्या रस्त्यासाठी जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे जाता येतं, पण तो रस्ता मिळेपर्यंत दोन हंगाम ट्रॅक्टर अडतो.

म्हणून माझा सल्ला असा. विहिरीची किंवा वाटेची नोंद नसेल तर चुलत्यांकडे विहिरीकडची एक एकर मागा. तुकडेबंदीत (ठरावीक मापापेक्षा लहान तुकडा विकायच्या बंदीत) अडचण येऊ नये, २०२३ पासून तुमच्या जिल्ह्यात जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ते कमीत कमी माप, २० गुंठे आहे आणि एकर म्हणजे ४० गुंठे. खर्चासह साडेअकरा-बारा लाखांत काम होईल, कर्ज एक रुपयाचंही नाही, आणि दोन लाखांच्या वर खेळते उरतील. बँकेचं बिनव्याजी पीककर्ज त्याच्या जोडीला. त्या विहिरीतला गाळ काढला, दोन आडवे बोअर मारले तर कदाचित नवीन बोअरची गरजच पडणार नाही. चुलते का विकताहेत हेही विचारा, तुम्ही ते लिहिलेलं नाही. त्यांची गरज आठ-दहा लाखांचीच असेल तर एक एकर विकणं त्यांनाही बरं पडेल, भावकीतल्या माणसाला सगळी जमीन विकून मोकळं व्हायची हौस नसते.

हिस्सा नोंदलेला असेल आणि वाटही स्वतंत्र असेल, तर यंदा घेऊ नका. जमीन दुसऱ्याच्या हातात गेली तर वडिलांना फार लागेल, ते मी कमी लेखत नाही. त्यांना जास्त जमीन कसायचीच असेल तर गावात ठोक्यानं मिळते. २४ हजारांत दोन एकर वर्षभर कसून बघा. सालगडी कोण, ट्रॅक्टर कुणाचा, तुम्ही पुण्यात असताना फवारणीच्या दिवशी वावरात कोण उभं राहणार, याची उत्तरं एका हंगामात मिळतील. ती उत्तरं नसताना घेतलेली जमीन शेवटी ठोक्यानंच जाते.

घ्यायची ठरली तर कागदांचं. तुमच्याकडे कुळवहिवाटीचा १९५० चा हैदराबाद कायदा लागू आहे, घेणारा शेतकरी असावा लागतो, वडिलांच्या सातबाऱ्यामुळे तिथे अडणार नाही. जमीन भोगवटादार वर्ग १ (विकायला मोकळी) आहे की २ (विक्रीवर सरकारी अटी असलेली) ते बघा, वर्ग २ असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पुढे जाऊ नका. मराठवाड्यात मदतमाश, खिदमतमाश इनामाच्या (पूर्वी उपजीविकेसाठी किंवा सेवेसाठी दिलेल्या) जमिनी बऱ्याच आहेत, जुन्या फेरफारात तसा शब्द दिसला तर थांबा आणि वकिलाला दाखवा. तीस वर्षांचा शोध अहवाल (आधीच्या व्यवहारांचा आणि बोज्यांचा तपास) घ्या. जमीन वडिलोपार्जित असेल तर चुलत्यांच्या मुलांच्याच नव्हे, मुलींच्याही सह्या घ्या. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, "त्या कुठे येतात सह्या करायला" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. इसार देण्याआधी मोजणी करा, सातबाऱ्यावर दोन एकर आणि जागेवर पावणेदोन हे नेहमीचं आहे. खरेदीखतात किंमत कमी दाखवून वरचे रोख मागितले तर नाही म्हणा, आयकर कायद्यानं स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेताच येत नाही. सगळं बँकेतून.

जमीन कुणाच्या नावे घ्यायची, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पैसे तुमचे आणि नाव वडिलांचं असेल तर त्यांच्यानंतर तिच्यात सगळ्या भावंडांचा हिस्सा येईल. ते तुम्हाला मान्य असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर तुमच्याच नावे घ्या आणि वडिलांना आत्ताच मोकळेपणानं सांगा, खरेदीच्या दिवशी रजिस्ट्री ऑफिसात नको.

पाडव्याआधी चुलत्यांना शब्द द्यायची घाई करू नका. "कागद बघून पंधरा दिवसांत सांगतो," एवढं म्हटलेलं भावकीतही चालतं. त्या पंधरा दिवसांत सातबारा, आठ-अ आणि वाटणीचा फेरफार काढा, दिवाळीची चिठ्ठी शोधा आणि वडिलांना घेऊन एकदा बँकेत जाऊन या. इतर हक्काच्या रकान्यात विहिरीबद्दल काय लिहिलंय ते शब्दशः कळवा, नावं-गट नंबर गाळून. त्यावरून एक एकराचा हिशोब नक्की करता येईल.